घड्याळाची बाजू

पँटचे पाय घोट्याच्या वर दुमडून त्याने बूट काढले, मोजे बुटांत कोंबले आणि जोडी भिंतीला टेकवून नीट शेजारी शेजारी ठेवली. तलावाच्या काठावर अनवाणीच जायचं असा इथला नियम होता, आणि दाराशी शिटी घेऊन उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा बघता तो मोडायची कुणाची टाप नव्हती. फरशी ओली आणि गार होती. पाण्यापासून जमेल तेवढं अंतर राखत तो भिंतीच्या कडेकडेने मोठ्या घड्याळाखाली येऊन उभा राहिला.

शर्यतीआधीचं वॉर्मअप सुरू झालं होतं. सगळ्या लेनमध्ये मुलींची एवढी दाटी की पाणी नावाला उरलं होतं. दिसत होत्या त्या नुसत्या टोप्या आणि हात. त्यातून आपली पोर ओळखणं कुणाही आईबापाला अवघड गेलं असतं. त्याला गेलं नाही. पांढरी टोपी, आणि डावा हात पाण्यात शिरताना बोटं जराशी फाकलेली. ती बोटं मिटवायला पोहणं शिकवणाऱ्या मॅडमनी वर्षभर जिवाचं रान केलं होतं, पण बोटं कुणाच्या बापाचं ऐकत नव्हती.

घरात तिला बेडकी म्हणत. पहिल्यांदा पाण्यात सोडली तेव्हा पाय झाडत तिने काठ गाठला होता, आणि तिच्या आईच्या तोंडून जे नाव निघालं ते कायमचं चिकटलं. आता ती बापाच्या कानापर्यंत उंच झाली होती आणि मैत्रिणींसमोर त्या नावाने हाक मारली तर दिवसभर बोलत नसे. पण घरात कुणी चुकून खऱ्या नावाने हाक मारली, तर आपलं काय चुकलं असं तिलाच वाटायचं.

तो चालू लागला. तिच्यापेक्षा एखादं पाऊल पुढे, तिच्याच वेगाने. ठरावीक हात मारून झाले की तिचं तोंड पाण्यातून वर येई, ते घड्याळाच्या बाजूला, म्हणजे त्याच्या बाजूला. काळा गॉगल, एका कोपऱ्यात वाकडं झालेलं तोंड, एक घोटभर हवा, की पुन्हा आत. तोंड दिसलं की तो एक श्वास घेई. टोकाला जाऊन ती वळली की तोही वळे. ती पोहायला लागल्यापासून हे असंच चाललं होतं. कुठल्याही नव्या तलावावर गेले की तो आधी भिंतीवरचं घड्याळ शोधी. त्या घड्याळाखालून चालायचं, म्हणजे तिला आपला बाप कुठे आहे हे ठाऊक असतं, असं त्याने पूर्वीच ठरवून टाकलं होतं.

पोहण्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. त्याचा धंदा लिफ्ट दुरुस्त करायचा. इमारतीच्या पोटातल्या त्या अंधाऱ्या भुयारात, खाली कितीही मजले असोत, दोराला लटकून तो गाणी गुणगुणत काम करायचा. पण गुडघाभर पाणी पाहिलं की त्याच्या छातीत धडधड सुरू व्हायची. उंचावर भीती वाटत नाही आणि पाण्यात वाटते हे कसं, असं कुणी विचारलं की तो म्हणे, दोर हातात धरता येतो, पाणी धरता येत नाही.

या भीतीचा एक किस्सा घरात होता, आणि तो त्याची बायको आल्यागेल्याला रंगवून सांगे. बेडकी सातेक वर्षांची असतानाचा. हा कामावरून थेट तलावावर गेला होता, कमरेला हत्यारांचा पट्टा तसाच. पोर मजेत पोहत होती आणि याच्या डोक्यात काय आलं कुणास ठाऊक, ती बुडतेय असं समजून या गड्याने पट्ट्यासकट, बुटांसकट पाण्यात उडी ठोकली आणि पान्ह्याच्या वजनाने थेट तळ गाठला. जीवरक्षकाने मानगूट धरून वर काढला. काठावर पालथा घालून पाणी काढताना तो जीवरक्षक एवढंच म्हणाला होता, “साहेब, पुढच्या वेळी निदान बूट काढून उडी मारा.” हे वाक्य बायको अगदी त्याच्या आवाजात म्हणे आणि ऐकणारे खुर्चीतून पडायचे बाकी राहत. तोही हसे. पान्हा मात्र पुढे कितीतरी दिवस तलावाच्या तळाशी पडून होता, तो काठावरून रोज दिसायचा.

“काका, जरा थांबता?”

मॅडम मागून आल्या होत्या. गेल्या वर्षी या क्लबात आलेल्या, बुटक्या, गळ्यात शिटी, आणि चालणं असं की सगळ्या जगाला उशीर झाला आहे. पोरं त्यांना टरकून असत आणि आपल्या वाढदिवशी पहिली त्यांनाच जाऊन सांगत. त्या त्याच्याबरोबर चालू लागल्या, कारण तो थांबला नव्हता.

त्यांना काय सांगायचं होतं ते त्यांनी भीड न ठेवता सांगितलं. बेडकीला दोन्ही बाजूंनी श्वास घेता येतो, हे त्यांना पहिल्या दिवसापासून आवडलं होतं. जाताना उजवीकडे, येताना डावीकडे. मग एकदा त्यांच्या लक्षात आलं की जाताना असो की येताना, भिंत एकच असते. घड्याळाची. दुसऱ्या बाजूला, खिडक्यांकडे, ही मुलगी शर्यतीत चुकूनही बघत नाही. मागच्या वेळी ती हरली ती खिडक्यांच्या बाजूच्या लेनमधल्या उंच मुलीकडून, नखभर फरकाने, आणि ती मुलगी जवळ आल्याचं हिला भिंतीला हात लागेपर्यंत कळलंही नव्हतं. आज अंतिम फेरीत तीच उंच मुलगी, त्याच बाजूला.

“शिकवून पाहिलं,” मॅडम म्हणाल्या. “सरावात ऐकते. शर्यतीत पुन्हा तेच. राग मानू नका काका, पण तिची मान तुमच्यामागे फिरते.”

तो पायाखालची ओली फरशी बघत राहिला. आज पहिली येईल तिला दूरच्या शहरातल्या प्रशिक्षण केंद्रात घेणार होते. तिथेच राहणं, तिथेच शाळा. एकच जागा होती. बेडकीने त्या केंद्राचं नाव घरात काढलं त्याला दोन वर्षं झाली होती, आणि गेल्या आठवड्यात तिने कुणाला न विचारता माळ्यावरची मोठी बॅग काढून, पुसून, आपल्या खाटेखाली सरकवली होती. त्याने ती पाहिली होती आणि न पाहिल्यासारखं केलं होतं. पोरीचं एवढं मोठं स्वप्न, आणि त्यात पाय घालून पाडणारा कोण, तर बाजूने चालणारा बाप.

मॅडमकडे उपाय होता. आत्ता वॉर्मअपमध्ये त्याने खिडक्यांच्या बाजूने चालावं. मान तिकडे वळायला लागली तर लागली. मान डोलावून तो तलावाला वळसा घालून पलीकडे गेला.

बेडकी त्या टोकाहून वळून परत येत होती. तोंड वर आलं, घड्याळाकडे. घड्याळाखाली कुणी नव्हतं. ते पुन्हा वर आलं, जरा जास्त वेळ. तिसऱ्या वेळी ती पोहायचीच थांबली. लेनच्या दोरीला हात टाकून, गॉगल कपाळावर सारून तिने बाजूची फरशी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मग, का ते त्याच्या लक्षात आलं नाही, पण तिने पाण्यात पाहिलं. आपल्या आजूबाजूला, खाली तळाशी. मागून येणारी एक मुलगी तिच्यावर आदळली आणि चिडून काहीतरी बोलून पुढे गेली.

त्याने खिडकीजवळून दोन्ही हात हलवले. तो तिला दिसायला जरा वेळ लागला. मग मात्र ती दोऱ्यांखालून बुड्या मारत, वाटेतल्या मुलींचे बोल खात, सरळ काठाशी आली.

“तू इकडे काय करतोयस?”

तो काठापासून हातभर अंतर ठेवून उकिडवा बसला. मॅडम म्हणाल्या ते त्याने जमेल तसं सांगितलं. आणि मॅडमनी न सांगितलेलंही सांगितलं, जे त्याने वळसा घालून येताना मनाशी ठरवलं होतं: इथे बाजूने चालून काही उपयोग नाही, कारण शर्यतीच्या वेळी प्रेक्षकांनी वर बाकांवर बसायचं असतं आणि बाक सगळे घड्याळाच्या बाजूला. तेव्हा तो शर्यत बघणार नव्हता. बाहेर, फाटकाशी जाऊन उभा राहणार होता. आई बसेल वर. तो इथे नाहीच म्हटल्यावर तिची मान कशाला वळेल.

बेडकी काठाला धरून त्याच्याकडे बघत राहिली. टोपीतून पाणी गळून नाकावर येत होतं ते तिने फुंकरीने उडवलं.

“बाहेर गेलास तर तुला कसं कळणार?”

“काय?”

“मी बुडाले नाही ते.”

तो हसला. ती हसली नाही.

“मी तुला बघत नाही रे बाबा,” ती म्हणाली. “या गॉगलमधून मला भिंतसुद्धा धड दिसत नाही. तुला मी दिसावी म्हणून तिकडे तोंड करते.”

त्याला काही समजलं नाही, आणि ते त्याच्या तोंडावर दिसलं असावं, कारण ती जरा वैतागून, पण आवाज उतरवून बोलायला लागली. आई तो किस्सा सांगते तेव्हा एक गोष्ट सांगत नाही, कारण ती तिला ठाऊकच नाही. त्या दिवशी बेडकी पहिल्यांदा दुसऱ्या बाजूला श्वास घ्यायला शिकत होती. अख्खी फेरी तिने पलीकडच्या भिंतीकडे तोंड करून मारली आणि टोकाला पोचून मोठ्या ऐटीत मागे वळून पाहिलं, बाबाने बघितलं का म्हणून. तर बाबा काठावर नव्हता. ती सगळीकडे बघत होती, आणि मग तिला तो खाली दिसला. तळाशी, बूट घातलेला.

“तेव्हापासून तुझ्याकडेच तोंड करते,” ती म्हणाली. “म्हटलं, दिसलं नाही तर हा परत उडी मारेल.”

त्याने उगाचच पँटचा दुमडलेला पाय सोडला आणि पुन्हा दुमडला. इतकी वर्षं तो तिला सांभाळत चालत होता, आणि ती पाण्यातून त्याला सांभाळत होती. एवढीशी पोर, कुणाला न सांगता. तो किस्सा शंभरदा सांगून झाला होता आणि शंभरदा ती पानात बघत जेवत राहिली होती. ती हसत नाही हे त्याने पाहिलं होतं. तिला माझी लाज वाटते, अशी त्याने आपली समजूत करून घेतली होती. इथे चार लोकांत रडलो तर ही पोरगी जन्मभर ऐकवेल म्हणून त्याने घसा खाकरला.

“आता नाही मारणार,” तो म्हणाला.

“नक्की?”

“गुडघे धरलेत माझे. उडी कुठली मारतोय.”

“मग बघू,” ती म्हणाली. “माझं वॉर्मअप झालं. तुझंच राहिलंय.”

त्याने चालायचं नाही, नुसतं घड्याळाखाली उभं राहायचं, असं तिने सांगितलं. एक फेरी ती त्याच्याकडे पाठ करून पोहणार. तिकडे केंद्रात तरी कोण रोज तिच्याबरोबर चालणार आहे, तेव्हा सवय आत्ताच लावलेली बरी, असंही ती जाता जाता बोलून गेली. ते बोलणं तिने पाणी उडवल्यासारखं सहज उडवलं, पण ते बरोबर जिथे लागायचं तिथे लागलं.

तो घड्याळाखाली जाऊन उभा राहिला. तिने भिंतीला पाय लावले आणि निघाली. हात फिरत होते, पाय पाणी कापत होते, आणि पांढरी टोपी ठरावीक वेळाने वळत होती, पण पलीकडे. त्याला दिसत होती नुसती टोपीची गोल पाठ.  पाऊल आपसूक पुढे पडलं, ते त्याने मागे घेतलं. अर्ध्यावर गेल्यावर त्याला मनापासून वाटलं की ही आता श्वास घेत नाहीये. घेत असणार हे त्याला कळत होतं. पोहणारी माणसं श्वास घेतात, त्याशिवाय पुढे जात नाहीत. कळत होतं ते डोक्याला, आणि पाय डोक्याचं ऐकत नव्हते. त्याने मागच्या भिंतीला दोन्ही तळहात टेकले आणि लिफ्टच्या भुयारात नवा पोरगा पहिल्यांदा दोरावर उतरतो तेव्हा त्याला जे सांगतो तेच स्वतःला सांगितलं. खाली बघू नको, मोजू नको, हाताला जे लागलंय ते धरून ठेव.

ती टोकाला पोचली, वळली, आणि तिने अंगठा वर करून विचारलं. त्यानेही अंगठा वर केला. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. लांबून मॅडम हे बघत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांना यातलं काही उमजलेलं दिसत नव्हतं, पण मान योग्य बाजूला वळलेली त्यांना दिसली होती, त्यामुळे त्यांनी शिटी वाजवली नाही.

बूट चढवून, नाड्या दोनदा आवळून तो वर बाकांकडे आला. बायकोने जागा धरून ठेवली होती, पिशवी आणि छत्री आडवी टाकून, आणि त्या जागेसाठी शेजारच्या बाईशी तिचं थोडं वाजलंही होतं. त्याला बघताच ती म्हणाली, “तोंड का असं? पडलात की काय पाण्यात?”

“नाही,” तो म्हणाला. मग जरा थांबून त्याने सांगितलं की आज बेडकी त्या बाजूला तोंड करून पोहणार आहे, आपल्याला तिचं तोंड दिसणार नाही. का, ते घरी गेल्यावर सांगीन. बायकोने त्याच्याकडे नीट बघून घेतलं. ती किस्से रंगवणारी बाई होती खरी, पण नवरा तिला पुरता पाठ होता. तिने काही न विचारता त्याच्या शर्टाचं टोक मुठीत धरलं.

शर्यत चार फेऱ्यांची होती. मुली ठोकळ्यांवर चढल्या, वाकल्या, आणि आवाज झाला तशा सगळ्या एकदम पाण्यात गेल्या. पांढरी टोपी वर आली. पलीकडे वळली. पुन्हा पलीकडे. उंच मुलगी तिच्या खांद्याला खांदा लावून होती, आणि बेडकी दर वेळी तिच्याचकडे बघत होती.

पहिली फेरी त्याने बाकाची कड धरून काढली. दुसरीत शेजारची बाई उभी राहून ओरडायला लागली, मग सगळेच उभे राहिले, पण तो बसूनच राहिला; उभं राहिलं की पाय कुठे जातील याचा त्याला भरवसा नव्हता. माणसांच्या फटीतून तो पांढरी टोपी बघत होता. तोंड नाही. पाठ, पाठ, पाठ. तिसरीत उंच मुलगी हातभर पुढे गेली. बेडकीला ते दिसलं, हे त्यालाही कळलं, कारण तिचे हात बदलले. ती एकाएकी अशी सुटली की पायांमागचं पाणी उसळलं. शर्टाचं टोक ताणलं गेलं. बायको त्याला धरून होती की आधार घेऊन होती, ते सांगता आलं नसतं.

शेवटच्या फेरीत त्याला कुणाचं काही ऐकू येत नव्हतं. दोन टोप्या एका रेषेत भिंतीकडे येत होत्या. तिने घड्याळाकडे बघू नये असं त्याला वाटत होतं, आणि एकदा, एकदाच बघावं असंही वाटत होतं, आणि या दोन्ही वाटण्यांत त्याने दात आवळून पहिलं धरून ठेवलं. तिने बघितलं नाही. शेवटचा हात लांब गेला, बोटं फाकलेली, आणि भिंतीला लागला.

सगळ्या मुली माना वर करून निकालाच्या फलकाकडे बघायला लागल्या. उंच मुलगी बघत होती, मॅडम बघत होत्या, बाकांवरचे सगळे बघत होते. बेडकीने आधी गॉगल कपाळावर चढवला, मग घड्याळाच्या बाजूला वळली आणि हनुवटी पाण्यावर धरून तोंड दाखवलं. लाल झालेलं, धापा टाकणारं, सगळंच्या सगळं तोंड. माणसांच्या फटीतून त्याने हात वर केला. तो दिसल्यावर ती फलकाकडे वळली.

तोवर लोकांना कळलं होतं. मॅडम काठावर, नियम धाब्यावर बसवून, बूट घालून नाचत होत्या. शेजारच्या बाईने भांडण विसरून बायकोला मिठी मारली. बायको रडत होती, हसत होती, आणि म्हणत होती, गेली, आता गेली आपली पोरगी. तो उठला, खाली जायला निघाला.

“अहो,” बायकोने शर्टाचं टोक तसंच धरून त्याला मागे ओढलं. “बूट.”

त्याने खाली पाहिलं. पायांखालची फरशी गार लागत होती. बाकाखाली त्याचे बूट नीट शेजारी शेजारी ठेवलेले होते, नाड्या सोडलेल्या, आणि मोजे त्यांच्यात व्यवस्थित कोंबलेले.